दारापर्यंतची वाट

मुंबईहून आलेल्या आपल्या मित्रांना ‘बंबार्डियर’ हे नाव नवीन नाही. २०१५ साली पश्चिम रेल्वेवर ज्या नव्या लोकल आल्या, त्यांची विजेची यंत्रणा या कंपनीची होती. लोकांनी मग गाडीलाच ते नाव देऊन टाकलं! दिल्ली मेट्रोच्या डब्यांमुळेही ते आपल्याकडे पोचलं. (कंपनीचा रेल्वे-विभाग २०२१ साली आल्स्टॉमने विकत घेतला.) पण ज्या माणसाचं हे आडनाव, त्याने आयुष्यात एकही रेल्वेचा डबा बनवला नाही. त्याने बनवली ती बर्फावर धावणारी गाडी, म्हणजे स्नोमोबिल. आणि ती बनवली कारण त्याच्या गावाची वाट दर हिवाळ्यात बंद व्हायची.

जोसेफ-आर्मां बोंबार्दिए (फ्रेंच उच्चार असा आहे, आपण इंग्रजी वळणाने बंबार्डियर म्हणतो) याचा जन्म १६ एप्रिल १९०७ रोजी कॅनडातल्या क्वेबेक प्रांतात, वालकूर नावाच्या खेड्यात झाला. आठ भावंडांत हा थोरला. त्या काळी या भागात बर्फ पडायला लागला की मोटारी घरात ठेवायच्या आणि घोड्यांच्या घसरगाड्या बाहेर काढायच्या, असा रिवाज होता. रस्त्यावरचा बर्फ कोणी काढत नसे. शेतकरी, दुकानदार, डॉक्टर, पोस्टमन सगळे घोड्याच्या भरवशावर. वादळ झालं तर घोडाही नाही. वसंत ऋतू येईपर्यंत गाव आपलं आपल्यात.

आर्मांला लहानपणापासून यंत्रांचं वेड. घड्याळं उघडून बघ, खेळणी बनव, असले उद्योग चालायचे. शेवटी वडिलांनी फोर्ड मॉडेल टी गाडीचं एक जुनं इंजिन त्याच्या हवाली केलं, पोरगं गुंतून राहावं म्हणून. पोरगं गुंतलं, पण वडिलांना वाटलं तसं नाही! ३१ डिसेंबर १९२२, वय वर्षे १५. घसरगाडीच्या सांगाड्यावर इंजिन, मागे विमानासारखा लाकडी पंखा, आणि पुढे दिशा सांभाळायला भाऊ लिओपोल्ड. अशी ती गाडी गावाच्या रस्त्यावरून धडधडत गेली. मागचा पंखा उघडा फिरत होता. कोणाचा हात-पाय गेला असता तर? वडिलांनी त्याच दिवशी ती मोडायला लावली.

त्यांची इच्छा मुलाने धर्मगुरू व्हावं अशी होती. शेरब्रुकच्या धर्मशाळेत त्याला घातलंही होतं. पण १७ व्या वर्षी हा तिथून बाहेर पडला आणि एका गॅरेजमध्ये उमेदवारी करू लागला. पुढे मॉन्ट्रियलला दिवसा काम आणि संध्याकाळी मेकॅनिक्स-इलेक्ट्रिकलचे वर्ग. मित्रांनो, या माणसाकडे डिग्री नव्हती हे लक्षात ठेवा. १९२६ साली, १९ व्या वर्षी, त्याने वालकूरमध्ये स्वतःचं गॅरेज उघडलं. १९२९ मध्ये इव्होन लाब्रेक हिच्याशी लग्न झालं.

गॅरेज उन्हाळ्यात छान चालायचं. हिवाळ्यात मात्र मोटारीच रस्त्यावर नाहीत, तर दुरुस्तीला येणार काय? वाट बंद झाली की गावातल्या धंद्याचं काय होतं हे तो पुस्तकात वाचून नाही, गल्ल्यात बघून शिकला. मग रिकामे हिवाळे प्रयोगात जाऊ लागले. गाडीच्या पुढच्या चाकांच्या जागी स्की लाव, मागे साखळी लाव, पुन्हा सोड, पुन्हा जोड. जवळजवळ दहा वर्षं हे चाललं.

१९३४ च्या हिवाळ्यात त्याचा दोन वर्षांचा मुलगा इव्हॉन याला अपेंडिसायटिसचा त्रास झाला. आतलं आत फुटून विष पसरलं. ऑपरेशन हवं होतं आणि इस्पितळ शेरब्रुकला, सुमारे ५० किलोमीटरवर. रस्ते बर्फाखाली. बापाच्या गॅरेजमध्ये बर्फावरची गाडी उभी होती, पण ती अर्धवट होती, चालण्याच्या स्थितीत नव्हती. मूल गेलं.

यावर जास्त काही लिहिण्याची गरज नाही. प्रयोग आधीपासून चालूच होते. पण त्यानंतर ते फावल्या वेळेचे राहिले नाहीत.

आता थोडं इंजिनिअरिंग. बर्फावर गाडी का रुतते? उत्तर पहिल्या सेमिस्टरचं आहे : दाब म्हणजे बल भागिले क्षेत्रफळ. चाक जमिनीला तळहाताएवढ्या जागेत टेकतं, सगळं वजन तिथे येतं, आणि चाक स्वतःसाठीच खड्डा खणत बसतं. वजन पसरायचं तर रुंद पट्टा हवा. पण पट्ट्याच्या फटींत बर्फ भरून गोठतो, पट्टा दात सोडतो, तुटतो. १९३५ मध्ये आर्मांला तोड सापडली. चाकाचे दाते रबराने मढवायचे, आणि त्यांवरून रबरी पट्टा फिरवायचा, ज्याला आडव्या पोलादी पट्ट्या जोडलेल्या असतील. रबर वाकतं, म्हणून बर्फ चिकटून राहत नाही. गाडी लवचीक झाली आणि बर्फावर चालती झाली. २९ जून १९३७ रोजी त्याला या रचनेचं पेटंट मिळालं.

याच काळात ‘बी-७’ बाजारात आली. बी म्हणजे बोंबार्दिए, ७ म्हणजे सात माणसं. गिऱ्हाईक कोण? हौशी श्रीमंत नव्हेत. खेड्यापाड्यातले डॉक्टर, गुरांचे डॉक्टर, धर्मगुरू, टॅक्सीवाले, हॉटेलवाले, फिरते विक्रेते. ज्यांचं पोट दारोदार पोचण्यावर, ते सगळे. मग गोल खिडक्यांची मोठी ‘बी-१२’ आली. तिच्यातून टपाल गेलं, रुग्ण गेले, मुलं शाळेत गेली. जुलै १९४२ मध्ये कंपनीची रीतसर नोंदणी झाली. तेव्हा महायुद्ध चालू होतं, मालाचं रेशनिंग होतं. उपजीविकेसाठी गाडी आवश्यक आहे हे सिद्ध करणाऱ्यालाच ती विकत घेता यायची. कारखाना सैन्यासाठीही पट्ट्यांच्या गाड्या बनवत होता.

युद्ध संपलं, धंदा वाढला, आणि १९४८ साली झटका बसला. क्वेबेक सरकारने ठरवलं की खेड्यांचे रस्तेही हिवाळ्यात बर्फ काढून मोकळे ठेवायचे. एका वर्षात कंपनीची विक्री जवळजवळ निम्म्याने घटली!

इथे क्षणभर थांबून विचार करा. १९३४ साली जर तो ५० किलोमीटरचा रस्ता कोणी मोकळा ठेवला असता, तर त्याचं मूल कदाचित वाचलं असतं. तोच मोकळा रस्ता चौदा वर्षांनी आला आणि त्याच्या कारखान्याच्या मुळावर उठला. गावासाठी झालं ते चांगलंच झालं, पण कारखान्यात काम करणारेही त्याच गावचे होते.

आर्मां सरकारला दोष देत बसला नाही. रस्ता नसलेल्या जागा अजून पुष्कळ आहेत, त्या त्याने शोधल्या. दलदल, जंगल, खाणी, तेलाची क्षेत्रं. १९५३ साली ‘मस्केग’ हा पट्ट्यांचा ट्रॅक्टर आला आणि कारखाना सावरला. डोक्यात मात्र एक जुनं स्वप्न होतं : एक-दोन माणसांची हलकी बर्फगाडी. हलकी इंजिनं मिळू लागली, आणि थोरल्या मुलाने, जर्मेनने, अखंड रबरी पट्टा बनवण्यात यश मिळवलं. १९५९ मध्ये ‘स्की-डू’ तयार झाली. पहिल्यांपैकी एक गाडी उत्तर ऑन्टॅरिओतल्या लॅन्सडाउन हाऊस इथे राहणाऱ्या मिशनरी मित्राला पोचवली गेली. पहिल्या हंगामात २२५ गाड्या खपल्या. १९४८ चा चटका लक्षात असल्यामुळे त्याने सगळा कारखाना तिच्यामागे लावला नाही. १८ फेब्रुवारी १९६४ रोजी, ऐन बर्फाच्या दिवसांत, कर्करोगाने तो गेला. वय अवघं ५६.

पुढचं त्याने पाहिलं नाही, पण त्याशिवाय गोष्ट पुरी होत नाही. स्की-डू हजारोंनी खपली आणि शेतांतून, रेल्वेमार्गांवरून, गावांच्या गल्ल्यांतून धावू लागली. एक पेच मात्र लगेच उभा राहिला. मोकळे झालेले रस्ते चाकांचे होते, आणि स्की डांबरावर चालत नाही. म्हणून बर्फगाडीला स्वतःची वेगळी वाट लागली. क्लबांनी शेतकऱ्यांची परवानगी काढून, स्वयंसेवकांच्या बळावर, पासच्या पैशातून वाटा आखल्या. आज क्वेबेकमध्ये अशा वाटा ३० हजार किलोमीटरहून जास्त आहेत. त्यांच्या कडेच्या छोट्या गावांत पूर्वी हिवाळ्यात कुलूप लागणारी हॉटेलं आता याच हंगामावर तगतात. पण प्रवाशाला पेट्रोल, गरम जेवण आणि खोली मिळायची तर वाट गावाबाहेरून जाऊन भागत नाही, ती पंपापर्यंत यायला हवी. बर्फगाडीला सार्वजनिक रस्त्यावर एरवी बंदी. रस्ता ओलांडायचा किंवा थोडं अंतर जायचं तर तेही नियमात बसवून, पाट्या लावून, नगरपालिकेच्या संमतीने. एखाद्या शेतकऱ्याने नकार दिला की वाट वळते, आणि वाटेबरोबर गिऱ्हाईकही. (होस्टेलचं मागचं गेट बंद झाल्यावर टपरीवाल्याचं काय होतं, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको!)

दुसरी बाजूही तितकीच खरी. जिच्या खिडकीखालून रात्री अकराला चाळीस इंजिनं जातात, त्या घरानेही झोपायचं असतं. मॉन्ट्रियलच्या उत्तरेला जुन्या रेल्वेमार्गावर अशीच एक वाट आहे. तिच्या काठच्या रहिवाशांनी आवाज आणि धुराविरुद्ध दावा लावला, आणि २००४ साली कोर्टाने एका टप्प्यावर बर्फगाड्यांना बंदी केली. हॉटेलवाले हवालदिल झाले, रहिवाशांनी सुटकेचा श्वास सोडला. सरकारला मग कायद्यात बदल करावे लागले. कोण बरोबर? दोघंही एकाच गावात राहतात, एवढं नक्की.

वालकूरच्या संग्रहालयात आर्मांचं ते पहिलं गॅरेज जपून ठेवलं आहे. आपण प्रोजेक्ट करतो तेव्हा मशीन चाललं की काम संपलं असं समजतो. व्हायव्हा झाला, फाईल जमा, विषय बंद! पण बर्फगाडीचं मशीन १९५९ लाच चाललं होतं. ती कोणाच्या जमिनीवरून, किती वाजता, कोणाच्या दारापर्यंत जाईल, हे गावं अजून ठरवत आहेत. तेही इंजिनिअरिंगच आहे, फक्त सिलॅबसमध्ये नाही. पुढच्या वेळी लोकलमध्ये ते नाव आठवलं, तर गॅरेजमधली ती अर्धवट गाडीही आठवा.