सुतळीचा दोरा आणि दोन होड्या

नॉर्वेचे फ्रिट्यॉफ नान्सेन (१८६१-१९३०) यांना निर्वासितांसाठी केलेल्या कामाबद्दल १९२२ साली शांततेचं नोबेल मिळालं. मला मात्र ते आठवतात शिवणकामामुळे!

१८९३ साली गायिका असलेली पत्नी इव्हा आणि तान्ही लेक लिव्ह यांचा निरोप घेऊन ते ‘फ्राम’ जहाजाने उत्तर ध्रुवाकडे निघाले. पुढे जहाज सोडून योहान्सेन या सोबत्याबरोबर बर्फावरून चालत गेले. ध्रुव काही गाठता आला नाही. परतताना फ्रान्झ जोसेफ बेटांवर दगडांची झोपडी बांधून, अस्वलाचं मांस खाऊन अख्खा हिवाळा काढला.

आता घरी जायचं तर वाटेत समुद्र. जवळ दोन कयाक, म्हणजे एकेका माणसापुरत्या अरुंद होड्या; बांबूच्या सांगाड्यावर कापड ताणलेलं. अंगावरचे कपडे चरबीने चिकट झालेले. मग दोघांनी घोंगड्या कापून नवे कपडे बेतले. दोरा कुठला? सुतळीचे पदर उकलून काढला. आपल्या आज्या गोधडीसाठी करायच्या ना, तस्सं! अस्वलाच्या कातड्याची झोपायची पिशवी शिवली. न जाणो, परत पोचलोच नाही तर? म्हणून प्रवासाची हकिगत लिहून, स्टोव्हच्या पंपाच्या पितळी नळीत घालून छताला टांगली.

१९ मे १८९६ ला ते निघाले. जूनमध्ये बर्फाला बांधलेल्या होड्या सुटून वाहत चालल्या. सगळं सामान त्यांतच! नान्सेननी गोठत्या पाण्यात उडी घेतली आणि पोहत जाऊन त्या परत आणल्या.

ऑगस्टमध्ये ते नॉर्वेला पोचले. इव्हा त्यांना भेटायला हॅमरफेस्टला आली. लिव्ह तोवर साडेतीन वर्षांची झाली होती.