धर्मानंद कोसंबी : ध्यान आणि सत्याग्रह
गोमंतकातील सांखवाळ येथे ९ ऑक्टोबर १८७६ रोजी जन्मलेले आपल्या सारस्वत ज्ञातीचे भूषण धर्मानंद कोसंबी बुद्धधर्माच्या ओढीने घरदार सोडून निघाले व १९०२ साली सिंहलद्वीपी श्रामणेर झाले. पालीचे पंडित म्हणून त्यांची कीर्ती हार्वर्डपर्यंत पोचली. परंतु ध्यान व विद्वत्ता यांतच ते रमले नाहीत. १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात त्यांनी कारावास पत्करला. पुढे परळच्या श्रमिक वस्तीत उपेक्षितांसाठी ‘बहुजनविहार’ उभारला. मानवमात्राची समता हेच त्यांच्या बुद्धभक्तीचे सार होते. ४ जून १९४७ रोजी सेवाग्रामी त्यांनी देह ठेवला.

आम्ही त्यांच्या तसबिरीस हार घालतो. परंतु ज्ञातीचे कुंपण ओलांडण्याचे त्यांचे धैर्य आमच्या अंगी कितपत आले, हे आम्ही स्वतःसच विचारावे.