मोळी आणि मंदिर

डोंबिवलीच्या चाळीत रात्रीची जेवणं आटोपली की आई मला ‘श्यामची आई’ मोठ्यानं वाचायला लावी. दोन पानं होईपर्यंत तिचा पदर डोळ्यांना लागलेला असे. त्यामुळे साने गुरुजी म्हणजे रडवणारे लेखक, अशी माझी कितीतरी वर्षं समजूत होती. पुढे स्वतः कादंबऱ्या लिहू लागलो, गुरुजींचं चरित्र वाचलं, आणि ती समजूत गळून पडली.

पांडुरंग सदाशिव साने यांचा जन्म २४ डिसेंबर १८९९ चा, कोकणातल्या पालगडचा. आई यशोदा १९१७ मध्ये गेली, तेव्हा मुलगा शिक्षणासाठी दूर होता. शेवटची भेट झालीच नाही. १९२४ मध्ये अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात ते शिक्षक झाले. वसतिगृहातल्या मुलांच्या खोल्या स्वतः आवरत. १९३० मध्ये नोकरी सोडून सत्याग्रहात उतरले. १९३३ च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात अवघ्या पाच दिवसांत त्यांनी हे पुस्तक लिहिलं. मला एका प्रकरणाला महिना लागतो!

त्यात एका म्हाताऱ्या महारणीची मोळी खाली पडते. शिवाशिवीपायी कुणी हात लावत नाही. आई श्यामला मोळी उचलून द्यायला पाठवते, पण परतल्यावर आंघोळ करायलाही सांगते. परवा नातीला हे वाचून दाखवत होतो. ही आंघोळ कशासाठी, असं तिनं विचारलं आणि मी अडखळलो. आमच्या चाळीत कुणालाच ती खटकली नव्हती.

गुरुजींनी ती आंघोळ लपवली नाही. आईची माया जिथवर पोचली, तिथवरच दाखवली. पुढचं अंतर ते स्वतः चालले. पंढरपूरचं विठ्ठलमंदिर हरिजनांना खुलं व्हावं म्हणून महाराष्ट्रभर फिरले आणि १ मे १९४७ रोजी पंढरपुरात उपोषणाला बसले. अखेर ते सुटलं, मंदिर खुलं झालं. १५ ऑगस्ट १९४८ रोजी त्यांनी ‘साधना’ साप्ताहिक सुरू केलं. आणि ११ जून १९५० रोजी या हळव्या माणसानं स्वतःच आपली जीवनयात्रा संपवली. ती हुरहुर अजून जात नाही.

नातीला मी पंढरपूरची हकिगत सांगितली. आईचा धडा मुलानं पुरा केला, एवढं तिला पटलं. आमच्या आईलाही पटलं असतं. पण तेव्हा विचारायचं मलाच सुचलं नाही.