होन्नावरचा शंकर, मुंबईची मराठी रंगभूमी आणि आगुंब्यातलं मालगुडी

बेळगाव : आपल्या भागातल्या कुठल्याही रिक्षा स्टँडवर जा. धारवाड, हुबळी, दावणगेरे, पार बेंगळुरूपर्यंत कुठंही. एखाद्या तरी रिक्षाच्या मागच्या काचेवर दाढीवाल्या, हसऱ्या चेहऱ्याच्या एका तरुणाचं चित्र दिसतंच. खाली कन्नडमध्ये नाव असतं : शंकर नाग. त्यांना जाऊन ३५ वर्षं होत आली. आज रिक्षा चालवणाऱ्या बऱ्याच पोरांचा तेव्हा जन्मही झाला नव्हता.

मराठी घरांत हाच माणूस दुसऱ्याच कारणानं माहीत आहे, फक्त त्याचं नाव माहीत नाही. १९८६ च्या सुमारास दूरदर्शनवर 'मालगुडी डेज' लागायची. गुणगुणल्यासारखं ते सुरुवातीचं संगीत ऐकू आलं की पोरं गल्लीतला खेळ टाकून घरात पळायची. स्वामी सगळ्यांना आठवतो. त्या स्वामीला पडद्यावर आणणारा दिग्दर्शक कोण, हे विचारलं तर दहातले आठ जण गप्प बसतील.

तो दिग्दर्शक आपल्याच पट्ट्यातला. आणि त्याच्या घडणीत मराठी नाटकाचा मोठा वाटा होता.

जन्म मुंबई राज्यात

शंकर नागरकट्टे यांचा जन्म ९ नोव्हेंबर १९५४ चा, होन्नावर तालुक्यातल्या मल्लापूरचा. घरात कोकणी बोलली जायची. उत्तर कन्नड जिल्हा त्या वेळी मुंबई राज्यात होता, आपलं बेळगाव, धारवाड, विजापूर होतं तसाच. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्य पुनर्रचना झाली आणि हे चारही जिल्हे म्हैसूर राज्यात गेले. शंकर तेव्हा दोन वर्षांचेसुद्धा नव्हते. त्या तारखेनं सीमाभागात काय काय झालं ते इथल्या वाचकाला सांगायची गरज नाही. पण या मुलाच्या आयुष्यात ती रेघ कधी आडवी आली नाही.

थोरले भाऊ अनंत नाग. ते आधी मुंबईला गेले, तिथं नाटकात रमले आणि १९७४ मध्ये श्याम बेनेगल यांच्या 'अंकुर'मधून देशाला माहीत झाले. शंकरही मुंबईला गेले. कारवार-होन्नावरकडच्या माणसाला शिकायचं, नोकरी धरायची म्हटलं की तेव्हा मुंबईच जवळची वाटायची.

सत्तरच्या दशकातली मुंबई म्हणजे मराठी नाटकाचा भर काळ. तेंडुलकर लिहीत होते, विजया मेहता नाटकं बसवत होत्या, प्रायोगिक आणि व्यावसायिक असे दोन्ही प्रवाह जोरात होते. शंकर या मराठी रंगभूमीकडं ओढले गेले. नाटक करायचं म्हणजे नुसतं तोंडाला रंग लावायचा नाही, तर पडदा, दिवे, ध्वनी, पैसा सगळं अंगावर घ्यायचं, हे ते इथंच शिकले. तालमीतच अरुंधती राव यांची गाठ पडली. त्याही मुंबईच्या रंगभूमीवर मराठी, गुजराती, हिंदी अशा भाषांत काम करणाऱ्या. पुढं दोघांनी लग्न केलं.

मराठी सिनेमातही शंकर नाग यांची एक खूण आहे. चापेकर बंधूंनी पुण्यात रँडवर केलेल्या हल्ल्यावर नचिकेत आणि जयू पटवर्धन यांनी '२२ जून १८९७' हा चित्रपट केला. तो १९७९ चा. त्याच्या लेखनात शंकर नाग यांचा सहभाग होता. चित्रपटाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पुण्याच्या इतिहासावरचा मराठी सिनेमा लिहिणाऱ्यांत घरी कोकणी बोलणारा, पुढं कन्नडचा हिरो झालेला पोरगा होता, हे आज सांगितलं तर लोकांना नवल वाटतं.

पहिल्याच सिनेमाला पुरस्कार

कन्नडमध्ये त्यांना आणलं गिरीश कार्नाड यांनी. १९७८ च्या 'ओंदानोंदु कालदल्ली' या चित्रपटात त्यांनी भाडोत्री शिपायाची भूमिका केली. कार्नाडांनी हा सिनेमा जपानी दिग्दर्शक कुरोसावांच्या सामुराईपटांच्या धाटणीवर बेतला होता. भारताच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात या भूमिकेसाठी शंकर यांना सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा पुरस्कार मिळाला. वय होतं चोवीस.

तिथून पुढची बारा वर्षं हा माणूस धावतच होता. सुमारे ८० चित्रपटांत काम केलं. १९८० च्या 'ऑटो राजा'नं त्यांना रिक्षावाल्यांचा माणूस केलं, तो आजतागायत. 'सांग्लियाना'मध्ये ते पोलीस अधिकारी झाले. मारधाडीचे, गाण्याबजावण्याचे, एका खेळात विसरून जावेत असे सिनेमेही त्यांनी भरपूर केले.

मी कॉमर्सचा माणूस. मला या कारकिर्दीत एक सरळ खातेवही दिसते. जमेच्या बाजूला धंदेवाईक सिनेमे. खर्चाच्या बाजूला नाटक, स्वतःचं दिग्दर्शन आणि स्टुडिओ. कन्नड सिनेमाला ध्वनिमुद्रणासाठी मद्रासला पळावं लागायचं, म्हणून बेंगळुरूत 'संकेत' नावाचा रेकॉर्डिंग स्टुडिओ उभा केला. त्याच नावाची नाट्यसंस्था चालवली. म्हणजे इकडं कमवायचं आणि तिकडं घालायचं. असा हिशेब मांडणारे नट तेव्हाही थोडे होते, आताही थोडेच.

दिग्दर्शक म्हणून पहिला मोठा सिनेमा 'मिंचिन ओट', १९८० चा. गाड्या चोरणाऱ्यांची गोष्ट. राज्य सरकारचे सात पुरस्कार त्याला मिळाले. पुढं 'गीता' आला, इळैयराजांच्या गाण्यांनी गाजलेला. १९८५ चा 'ॲक्सिडेंट' मात्र वेगळा. पुढाऱ्याचा मुलगा नशेत गाडी चालवतो, फूटपाथवर झोपलेल्या गरिबांना चिरडतो आणि मग सगळी यंत्रणा ते प्रकरण दाबायला लागते, अशी ती गोष्ट. सामाजिक प्रश्नावरचा सर्वोत्कृष्ट चित्रपट म्हणून त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. आज अशी बातमी आली की हा सिनेमा आठवतो.

दळवींची नाटकं कन्नडमध्ये

'संकेत'नं कार्नाडांची 'अंजु मल्लिगे', 'नागमंडल' ही नाटकं केली. पण आपल्या वाचकानं लक्षात ठेवावं ते पुढचं. याच संस्थेनं जयवंत दळवींची 'बॅरिस्टर' आणि 'संध्याछाया' कन्नडमध्ये रंगमंचावर आणली. दळवी वेंगुर्ल्याजवळच्या आरवलीचे, म्हणजे घाट उतरला की आपलेच शेजारी. 'संध्याछाया'त दूर गेलेल्या मुलांची वाट बघत बसलेलं म्हातारं जोडपं आहे. हे दुःख मराठीत जितकं खरं, तितकंच कन्नडमध्ये. शंकर नाग यांनी ते मुंबईत पाहिलं आणि बेंगळुरूत नेलं. भाषेच्या नावानं आपल्याकडं फलकांना काळं फासलं जायचं, बसवर दगड पडायचे, त्याच काळात हे चाललं होतं. त्याची बातमी मात्र आपल्याकडं फारशी झाली नाही.

रोज नवी गोष्ट, गाव तेच

आता मालगुडी. आर. के. नारायण यांचं हे गाव नकाशावर नाही. १९३५ च्या 'स्वामी अँड फ्रेंड्स' या कादंबरीत ते पहिल्यांदा आलं आणि मग त्यांनी आयुष्यभर त्याच गावच्या गोष्टी लिहिल्या. त्यांच्या 'गाइड'वर हिंदी सिनेमा निघाला तेव्हा नारायण नाराज झाले होते, कारण गोष्ट त्यांच्या हातातून निसटली होती. त्यामुळं त्यांच्या कथांना हात घालणं म्हणजे जोखीमच. निर्माते टी. एस. नरसिंहन यांनी ही जबाबदारी शंकर नाग यांच्यावर टाकली.

त्या काळात दूरदर्शनवर दर भागात नवी गोष्ट सांगणाऱ्या मालिका बऱ्याच होत्या. 'दर्पण' होती, 'कथासागर' होती. अशा मालिकेची अडचण काय असते बघा. 'हम लोग'सारखी मालिका असेल तर घर तेच, माणसं तीच. प्रेक्षकाची एकदा ओळख झाली की काम झालं. इथं दर आठवड्याला नवा माणूस, नवं दुःख, नवा विनोद. वीस-बावीस मिनिटांत ओळखही करून द्यायची आणि निरोपही घ्यायचा. खर्चही वाढतो, कारण प्रत्येक गोष्टीला नवी जागा लागते.

मालगुडीनं ही अडचण सोडवली ती गावाच्या जोरावर. माणसं बदलली तरी गल्ली तीच, स्टेशन तेच, पुतळा तोच. त्यासाठी शंकर नाग यांनी शिवमोग्गा जिल्ह्यातलं आगुंबे निवडलं. घाटमाथ्यावरचं, धो धो पावसाचं, कौलारू घरांचं गाव. कलादिग्दर्शक जॉन देवराज यांनी तिथं लॉलीसाहेबाचा पुतळा उभारला, दुकानांच्या पाट्या बदलल्या, आणि स्वातंत्र्यापूर्वीचं गाव तयार झालं. दोड्डमने नावाचा जुना वाडा स्वामीचं घर झाला. गावातली माणसंही कॅमेऱ्यासमोर उभी राहिली. रेल्वेची दृश्यं अरसाळू या छोट्या स्टेशनवर घेतली.

स्वामी झाला मास्टर मंजुनाथ. वडील गिरीश कार्नाड, आई वैशाली कासरवल्ली. अनंत नाग होते, अरुंधती नाग होत्या. बरेचसे नट कन्नड नाटकातले. संगीत एल. वैद्यनाथन यांचं. सुरुवातीची चित्रं नारायण यांचे धाकटे भाऊ, आपल्या सगळ्यांना 'कॉमन मॅन'मुळं माहीत असलेले आर. के. लक्ष्मण यांची. शंकर नाग यांनी ३९ भाग केले. ते हिंदीत झाले आणि पहिले १३ इंग्रजीतही. स्वामीच्या गोष्टीचा सिनेमाही निघाला आणि मंजुनाथला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

गोष्टी किती तऱ्हेच्या होत्या ते आठवून बघा. जत्रेत बक्षीस म्हणून रोड रोलर जिंकणारा आणि मग तो ठेवायचा कुठं म्हणून बेजार झालेला माणूस, हा निखळ विनोद. देवळातल्या म्हाताऱ्याची भुताची गोष्ट. आपणच ज्याला मेला समजून पळालो होतो, तोच गिऱ्हाईक म्हणून समोर बसलाय हे ओळखणारा ज्योतिषी. महिना पंचेचाळीस रुपयांच्या नोकरीपायी लेकीला सिनेमाला नेऊ न शकणारा बाप. आणि तो पोस्टमन, जो एका घरचं लग्न मोडू नये म्हणून मृत्यूची खबर देणारं पत्र दाबून ठेवतो. ते बरोबर केलं की चूक, यावर घराघरांत वाद झाले असतील. मालिकेनं निकाल दिला नाही.

नारायण या कामावर खूश होते, कारण गोष्टीत भर घातली नव्हती. २००६ मध्ये कविता लंकेश यांनी आणखी १५ भाग केले.

दावणगेरेजवळची पहाट

३० सप्टेंबर १९९०. शंकर नाग पत्नी आणि लहान मुलीसह बेंगळुरूहून धारवाडकडं निघाले होते. 'जोकुमारस्वामी' या सिनेमाचं काम होतं. मूळ नाटक चंद्रशेखर कंबार यांचं, म्हणजे आपल्या हुक्केरी तालुक्यातल्या घोडगेरीच्या सुपुत्राचं. पहाटे दावणगेरेच्या अलीकडं आनगोडजवळ त्यांच्या गाडीची लॉरीशी धडक झाली. पत्नी आणि मुलगी वाचल्या. शंकर नाग गेले. छत्तिसावा वाढदिवस चाळीस दिवसांवर होता.

हा तोच पुणे-बेंगळुरू महामार्ग, जो बेळगावातून जातो. तेव्हा तो दोन पदरी होता. समोरून येणाऱ्या गाडीचे दिवे डोळ्यांवर घेत, अंधारात उभ्या असलेल्या लॉऱ्या चुकवत लोक रात्रीचा प्रवास करायचे. आता रस्ता रुंद झाला, मध्ये दुभाजक आला. तरी पहाटेच्या वेळी उभ्या ट्रकला मागून गाडी धडकली ही बातमी आम्हाला अजूनही वरचेवर लिहावी लागते.

मागं काय राहिलं

शंकर नाग यांच्या डोक्यात नुसता सिनेमा नव्हता. बेंगळुरूला मेट्रो रेल्वे हवी, नंदी हिल्सला रोपवे हवा, असं ते ऐंशीच्या दशकात मांडत होते. लोकांना ते तेव्हा वेडेपण वाटलं. बेंगळुरूची मेट्रो धावली २०११ मध्ये, त्यांच्या मागं एकवीस वर्षांनी.

नाटकासाठी परवडणारं, चांगलं नाट्यगृह असावं हे त्यांचं आणखी एक स्वप्न. अपघातात स्वतः जबर जखमी झालेल्या अरुंधती नाग पुन्हा उभ्या राहिल्या, वर्षानुवर्षं पैसे जमवत फिरल्या आणि २००४ मध्ये बेंगळुरूच्या जे. पी. नगरात 'रंग शंकरा' सुरू झालं. तिथं कन्नड नाटकं होतात तशी इतर भाषांतलीही होतात. नाटक ठरलेल्या वेळेला सुरू होतं आणि उशिरा येणाऱ्याला आत सोडत नाहीत, मग तो कुणीही असो. आपल्याकडच्या कार्यक्रमांत पाहुण्यांची वाट बघत तास-तास ताटकळणाऱ्यांनी हे एकदा अनुभवावं.

अरसाळू स्टेशनच्या जुन्या इमारतीत रेल्वेनं मालगुडी संग्रहालय केलं आहे. ते सजवलं त्याच जॉन देवराज यांनी. बेळगावहून शिवमोग्ग्याकडं जाणं झालं तर वाट थोडी वाकडी करून बघण्यासारखं आहे. आगुंब्याचं दोड्डमनेही तिथून काही फार लांब नाही. मुलांना बरोबर न्या, पण त्याआधी घरी बसून त्यांना स्वामीचे दोन-चार भाग दाखवा. आणि नावं येतील तेव्हा दिग्दर्शकाचं नाव त्यांना मोठ्यानं वाचायला लावा.