परक्या बंदरातील पत : शेठ वालचंद हिराचंद

जैन समाजाने देशाला दिलेल्या उद्योगपुरुषांत शेठ वालचंद हिराचंद दोशी यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागते. २३ नोव्हेंबर १८८२ रोजी सोलापूर येथे दिगंबर जैन कुटुंबात त्यांचा जन्म झाला. घरच्या पिढीजात व्यापारात त्यांचे मन रमले नाही. रेल्वेतील एकेकाळचे कारकून लक्ष्मणराव फाटक यांच्या भागीदारीत त्यांनी रेल्वेची कंत्राटे घेतली. भोर घाटातील बोगद्यांचे कामही पुढे त्यांनी केले. आपल्या चामटोली-बदलापूरकडून कर्जतला जाणारा मार्ग त्याच घाटाला भिडतो, हे जाता जाता आठवले.

खरी कसोटी लागली ती समुद्रावर. नरोत्तम मोरारजी आदी मंडळींसह १९१९ साली त्यांनी सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी काढली. ग्वाल्हेरच्या महाराजांकडून घेतलेली ‘लॉयल्टी’ बोट ५ एप्रिल १९१९ रोजी मुंबईहून विलायतेस निघाली. वालचंद व नरोत्तमशेठ स्वतः तीतून गेले. बोट पैशाने घेता येते, परक्या बंदरातील पत तशी मिळत नाही. माल मिळवून देणारे दलाल, विमेवाले, गोदीवाले यांच्यात ऊठबस असलेला आपला माणूस तेथे लागतो. ब्रिटिश कंपन्यांपाशी ही यंत्रणा होतीच. शिवाय केवळ त्यांच्याच बोटींनी माल धाडणाऱ्यास भाड्याचा काही अंश मागाहून परत मिळे. मग नवख्या कंपनीकडे कोण वळणार? भाडी पाडण्याची चढाओढही झाली. अखेर १९२३ च्या कराराने सिंदियाला दहा वर्षे किनारी वाहतुकीपुरते थांबावे लागले. करार कडू खरा. परंतु त्यामुळे कंपनी जगली, असे आम्हांस वाटते.

आज परदेशी बाजारात उतरणारा व्यापारी प्रथम लहानसे प्रतिनिधी कार्यालय थाटतो. ते विक्री करीत नाही. मुख्य कचेरीच्या खर्चावर चालते, बाजाराची माहिती व ओळखी जमवते. अशा माणसाचे मोल वालचंदांनी जाणले होते. १९३९ साली विमानप्रवासात त्यांना विल्यम पॉली भेटले. अमेरिकन विमान कंपन्यांचे चीनमधील काम ते पाहत. त्या ओळखीतून डिसेंबर १९४० मध्ये बंगळूरला हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनी उभी राहिली.

१९४८ साली विशाखापट्टणमच्या त्यांच्या गोदीतून ‘जलउषा’ पाण्यात उतरली. स्वातंत्र्यानंतर सिंदियाच्या बोटी पुन्हा विलायतेच्या मार्गावर गेल्या. ८ एप्रिल १९५३ रोजी सिद्धपूर येथे शेठजींचे देहावसान झाले. ‘लॉयल्टी’ निघाली तो ५ एप्रिल हा दिवस १९६४ पासून राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो.