डॉ. येल्लाप्रगडा सुब्बाराव : चिकाटीने घडलेला संशोधक

आपल्या समाजात मुलगा किंवा मुलगी पदवीधर झाली की घरात विचार सुरू होतो तो नोकरीचा. त्यानंतर आणखी काही वर्षे प्रयोगशाळेत घालवायची, ही कल्पना अनेक पालकांच्या पचनी पडत नाही. अशा पालकांनी आणि त्यांच्या पाल्यांनी डॉ. येल्लाप्रगडा सुब्बाराव यांचे चरित्र अवश्य जाणून घ्यावे.

सुब्बाराव यांचा जन्म १२ जानेवारी १८९५ रोजी आंध्रातील भीमावरम येथे एका गरीब कुटुंबात झाला. लहानपणी अभ्यासात त्यांचे मन रमत नसे. पैसा मिळवण्यासाठी ते एकदा काशीला जायला घरातून पळालेही होते. मॅट्रिकची परीक्षा ते तिसऱ्या प्रयत्नात उत्तीर्ण झाले. वडील वारल्यावर आईने दागिने विकून त्यांचे शिक्षण चालू ठेवले. पुढे ते मद्रासच्या वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाले. स्वदेशीच्या चळवळीत त्यांनी खादी पत्करली आणि त्यामुळे त्यांच्यावर इंग्रज प्राध्यापकाची नाराजी ओढवली. एम.बी.बी.एस.ऐवजी त्यांना एल.एम.एस. ही कमी दर्जाची पदवी मिळाली.

याच काळात त्यांचे दोन भाऊ थोड्याच दिवसांच्या अंतराने वारले. स्प्रू नावाच्या आतड्याच्या रोगाने घरावर घाला घातला होता. या रोगात खाल्लेले अन्न अंगी लागत नाही, रक्त कमी होते आणि रोगी खंगत जातो. सुब्बाराव यांनाही तो झाला. आयुर्वेदिक उपचारांनी ते बरे झाले. रोगाचे मूळ शोधून काढायचे, ही ओढ त्यांच्या मनात बळावली.

परदेशी जाण्यासाठी पैसा नव्हता. काकीनाड्याच्या मल्लाडी सत्यलिंगम नायकर धर्मादाय निधीने मदत देऊ केली आणि सासऱ्यांनीही हातभार लावला. १९२२ साली ते अमेरिकेत बोस्टनला पोहोचले. हार्वर्ड विद्यापीठात त्यांनी उष्ण प्रदेशातील रोगांचा अभ्यासक्रम पूर्ण केला. पोटासाठी ते रुग्णालयात रात्रपाळी करीत आणि रुग्णांची मलमूत्राची भांडी धूत. डॉक्टर असून या कामाची त्यांनी लाज बाळगली नाही.

नंतर हार्वर्डच्याच जीवरसायन विभागात ते संशोधक विद्यार्थी झाले. सायरस फिस्के यांच्याबरोबर त्यांनी शरीरातील फॉस्फरस मोजण्याची पद्धत शोधली. १९२५ साली प्रसिद्ध झालेली ही पद्धत फिस्के-सुब्बाराव याच नावाने ओळखली जाते. १९२७ मध्ये स्नायूंतील फॉस्फोक्रिएटिन आणि १९२९ मध्ये पेशींना ऊर्जा पुरवणारे ए.टी.पी. यांवरील त्यांचे काम प्रसिद्ध झाले. पीएच.डी. मिळाली ती १९३० साली. म्हणजे बोस्टनला पाऊल ठेवल्यापासून आठ वर्षांनी! मोठे शोध पदवीच्या आधीच लागले होते. संशोधनाची पदवी ही पाठांतराची परीक्षा नव्हे. आजवर कोणाला ठाऊक नसलेली गोष्ट स्वतःच्या हातांनी शोधून ती सिद्ध करणे, हाच तिचा खरा अर्थ आहे.

एवढे करूनही हार्वर्डने त्यांना कायमची जागा दिली नाही. १९४० मध्ये ते लेडर्ले या औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत गेले. तिथे त्यांच्या नेतृत्वाखाली फॉलिक ॲसिड कृत्रिम रीतीने तयार झाले. भावांच्या घरावर घाला घालणाऱ्या त्याच स्प्रूवर ते गुणकारी ठरले. गरोदर स्त्रियांना आज फॉलिक ॲसिडच्याच गोळ्या देतात. त्याच प्रयोगशाळेतून ऑरिओमायसिन हे प्रतिजैविक आले आणि मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावर वापरलेली औषधेही आली. हत्तीरोगावरील डी.ई.सी. हे औषधही तिथलेच. महाराष्ट्रात हत्तीरोगाच्या मोहिमेत घरोघर वाटल्या गेलेल्या गोळ्या त्याच औषधाच्या. त्या घेणाऱ्यांपैकी किती जणांना सुब्बाराव हे नाव माहीत असेल?

ऑगस्ट १९४८ मध्ये, वयाच्या अवघ्या ५३ व्या वर्षी, हा संशोधक परदेशातच कालवश झाला. भारत सोडल्यावर ते परत आलेच नाहीत. पत्नी शेषगिरी त्यांची वाट पाहत राहिल्या आणि लहानग्या मुलाचे तोंडही त्यांनी पाहिले नाही. ते मूल अल्पायुषी ठरले. विद्येची ही किंमत घरच्यांनीही मोजली, हे विसरून चालणार नाही. आज शिष्यवृत्त्या आहेत, संशोधनाच्या सोयी आपल्या देशातही आहेत. घर तोडून शिकण्याची वेळ आपल्या मुलामुलींवर येऊ नये, याची काळजी आपण घेतली पाहिजे.

विद्यार्थी मित्रांनो, एका नापासाने आयुष्याचा निकाल लागत नाही. पालकांनो, दुसऱ्याच वर्षी कमाईचा हिशेब मागू नका. आणि समाजातील सुखवस्तू बंधुभगिनींनो, काकीनाड्याच्या त्या निधीची आठवण ठेवा. इल्मच्या वाटेवर निघालेल्या एका गरीब मुलाला दिलेला हात किती दूरवर पोहोचतो, हे देणाऱ्याला त्या दिवशी कळत नसते.