विश्लेषण : डिझेल गाडीचं इंजिन ऑइल वाढतंय? रुडॉल्फ डिझेल यांच्या आयुष्यातून समजून घ्या कारण

इंजिन ऑइल वापरात थोडं कमी होतं, हे बहुतेक गाडीमालकांना माहीत असतं. पण वरून ऑइल न टाकताही डिपस्टिकवरची पातळी वाढलेली दिसली तर? याचा अर्थ ऑइलमध्ये दुसरं काहीतरी मिसळतंय. अनेकदा ते न जळलेलं डिझेल असतं. लोणावळ्याजवळच्या औंढे गावातून बाजारापर्यंत रोज छोट्या फेऱ्या मारणाऱ्या नव्या डिझेल गाड्यांना हा धोका जास्त. सिलिंडरमध्ये इंधन नेमकं कधी आणि कसं सोडायचं, हा यामागचा मूळ प्रश्न आहे. ज्यांच्या नावाने हे इंजिन ओळखलं जातं, त्या रुडॉल्फ डिझेल यांनाही याच प्रश्नाने छळलं होतं.

रुडॉल्फ डिझेल कोण होते?

त्यांचा जन्म १८ मार्च १८५८ रोजी पॅरिसमध्ये झाला. आईवडील जर्मन. १८७० मध्ये फ्रान्स आणि प्रशियाचं युद्ध पेटलं आणि कुटुंबाला पॅरिस सोडून लंडन गाठावं लागलं. लहानग्या रुडॉल्फला शिक्षणासाठी जर्मनीतल्या ऑग्सबर्गला नातेवाइकांकडे पाठवण्यात आलं.

पुढे म्युनिकच्या तंत्रशिक्षण संस्थेत शीतकरण यंत्रांचे संशोधक कार्ल फॉन लिंडे त्यांना शिकवायला होते. वाफेच्या इंजिनात कोळशाच्या उष्णतेपैकी जेमतेम १० टक्के भाग कामी येतो आणि बाकी वाया जातो, हे त्यांना तिथे कळलं. ही उधळपट्टी थांबवायची, हे त्यांनी मनाशी पक्कं केलं. १८८० मध्ये ते उत्तम गुणांनी पदवीधर झाले.

नवी कल्पना काय होती?

हवा जोरात दाबली की ती तापते. ती इतकी दाबायची, की इंधन आत सोडताच ठिणगीशिवाय पेट घेईल, ही रुडॉल्फ यांची कल्पना. १८९२ मध्ये त्यांनी पेटंटसाठी अर्ज केला. ऑग्सबर्गच्या यंत्र कारखान्यात १० ऑगस्ट १८९३ रोजी पहिली चाचणी झाली, तेव्हा आतल्या स्फोटाने दाब मोजणारं उपकरणच उडालं. पण त्यातून एक गोष्ट सिद्ध झाली. ठिणगीशिवाय इंधन पेटतं.

त्यानंतर साडेतीन वर्षं दुरुस्त्या चालू राहिल्या. अखेर १७ फेब्रुवारी १८९७ रोजी प्राध्यापक मोरिट्झ श्रोटर यांनी इंजिनाची अधिकृत चाचणी घेतली. कार्यक्षमता भरली २६.२ टक्के. म्हणजे वाफेच्या इंजिनाच्या दुपटीहून अधिक.

घोडं कुठे अडलं?

इंधन पेटत होतं, पण ते बारीक फवाऱ्याच्या रूपात आणि अचूक क्षणी आत सोडणारा पंप त्या काळी बनत नव्हता. म्हणून दाबलेल्या हवेच्या झोताने इंधन आत ढकललं जाई. त्यासाठी वेगळा कॉम्प्रेसर लागे. त्यामुळे इंजिन अवजड झालं आणि मोटारगाडीत बसेना. विकलेली सुरुवातीची यंत्रं वारंवार बंद पडू लागली, ग्राहकांच्या तक्रारी आल्या. रुडॉल्फ यांची प्रकृती ढासळली. पैसाही चुकीच्या गुंतवणुकीत बुडाला.

इंजिन मात्र पुढे गेलं. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात ते शेंगदाणा तेलावर चालवून दाखवण्यात आलं. १९१२ मध्ये ‘सेलांडिया’ हे डिझेल इंजिनावरचं जहाज समुद्र ओलांडू लागलं. २९ सप्टेंबर १९१३ च्या रात्री अँटवर्पहून इंग्लंडला निघालेल्या ‘ड्रेस्डेन’ बोटीवरून रुडॉल्फ बेपत्ता झाले. काही दिवसांनी त्यांचा मृतदेह समुद्रात सापडला. मृत्यूचं गूढ आजही कायम आहे.

इंधनाचा पंप त्यांच्यानंतर सुधारला. १९२७ मध्ये बॉश कंपनीने त्याचं मोठ्या प्रमाणावर उत्पादन सुरू केलं आणि डिझेल इंजिन रस्त्यावर आलं. पुण्यात खडकीला १९४६ मध्ये किर्लोस्कर ऑइल इंजिन्स उभी राहिली आणि विहिरींवर डिझेल पंप धडधडू लागले.

मग आज ऑइल का वाढतं?

१ एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम लागू झाले. नव्या डिझेल गाड्यांच्या सायलेन्सरच्या मार्गात काजळी अडवणारा फिल्टर, म्हणजे डीपीएफ असतो. साचलेली काजळी जाळायला तिथे सुमारे ६०० अंश सेल्सिअस तापमान लागतं. त्यासाठी बऱ्याच गाड्यांमध्ये पिस्टनचं काम उरकल्यावरही सिलिंडरमध्ये थोडं जादा डिझेल सोडलं जातं. त्यातला काही भाग सिलिंडरच्या भिंतींवरून ओघळत खाली ऑइलमध्ये उतरतो. पेट्रोलसारखं डिझेल गरम ऑइलमधून सहज उडून जात नाही.

एक्स्प्रेस-वेवर सलग चाललेली गाडी ही सफाई पूर्ण करते. छोट्या फेऱ्यांत इंजिन मध्येच बंद होतं, सफाई अर्धवट राहते आणि पुन्हा पुन्हा सुरू होते. दर वेळी ऑइलमध्ये आणखी डिझेल जातं.

नेमकं कारण कसं ओळखायचं?

• आधी पातळी नीट मोजा : गाडी सपाट जागी, इंजिन बंद करून काही मिनिटांनी. घाटात उतारावर घेतलेलं माप चुकतं. सर्व्हिसिंगमध्येच ऑइल जास्त भरलं नव्हतं ना, तेही पाहा.

• ऑइल पातळ आणि डिझेलचा वास : डीपीएफची अर्धवट सफाई, गळका इंजेक्टर किंवा काही इंजिनांत इंधन पंपाचं खराब सील. वासावरून खात्री होत नसेल, तर प्रयोगशाळेत ऑइलचा नमुना तपासता येतो.

• ऑइल दुधाळ आणि कूलंट कमी होतंय : हेड गॅस्केट किंवा ऑइल कूलरमधून कूलंट मिसळतंय. गाडी चालवू नका. फक्त झाकणाखाली पांढुरका थर असेल, तर पावसाळ्यातला दमटपणाही कारण असू शकतो.

दुर्लक्ष केलं तर?

पातळ झालेलं ऑइल बेअरिंगचं संरक्षण करू शकत नाही. पातळी फार वाढली, तर ऑइल हवेच्या वाटेने सिलिंडरमध्ये ओढलं जाऊ शकतं. ठिणगी लागत नसल्याने हे इंजिन शेंगदाणा तेलावर चाललं, तसंच स्वतःच्या ऑइलवरही चालू शकतं. मग चावी बंद केली तरी ते थांबेलच असं नाही आणि वेग वाढत जाऊन इंजिन फुटू शकतं.

म्हणून पातळी ‘मॅक्स’च्या वर दिसली, तर गाडी सुरू न करता मेकॅनिकला बोलवा. जास्तीचं ऑइल नुसतं काढून टाकणं हा उपाय नाही, कारण उरलेलंही पातळच असतं. आधी कारण शोधून दुरुस्ती करा, मग कंपनीने सांगितलेल्या ग्रेडचं नवं ऑइल भरा. डीपीएफचा दिवा लागला, तर मॅन्युअलप्रमाणे गाडी मोकळ्या रस्त्यावर सलग चालवा. आणि दर पंधरवड्याला डिपस्टिकचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. पातळी वाढतेय का, ते दोन फोटो शेजारी ठेवले की कळेल.